‘डॉक्टर आहेत का?’ एवढे आधी सांगा

प्रश्न : फोंड्यात आमचा घरचाच दवाखाना आहे. सासरे फिजिशियन आहेत. जाऊबाई स्त्रीरोगतज्ज्ञ, त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळीच बसतात. काउंटर, फोन, बिले सगळे मी बघते. दीड वर्षापूर्वी एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली. दिसायला छान आहे, पण फोन काही कमी झाले नाहीत, दिवसाला 80-90 येतात. अपॉइंटमेंटचा फॉर्म भरला की तो एका ईमेलवर जातो आणि ती ईमेल आठ-आठ दिवस कोणी उघडत नाही. गेल्या महिन्यात सासरे गुरुवार-शुक्रवार परिषदेला गेले होते. धारबांदोड्याच्या आतल्या गावातून एक आजोबा दोन बस बदलून आले आणि डॉक्टर नाहीत! नातवाने वेबसाइट बघूनच पाठवले होते, तिथे ‘सोमवार ते शनिवार’ लिहिलेले. कंपनी म्हणते, सगळे नव्याने करा, चॅटबॉट आणि अ‍ॅप घ्या, लाखभर खर्च येईल. करावे का? रिपोर्ट वेबसाइटवर देता येतील का? आणि पेशंटचे चांगले अभिप्राय टाकले तर चालतात का?
— एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : लाख रुपये तूर्त राहू द्या. चॅटबॉट नको, अ‍ॅप तर मुळीच नको. वर्षातून चारदा ताप-खोकल्याला येणारा माणूस दवाखान्याचे अ‍ॅप फोनमध्ये ठेवत नाही. तुमची वेबसाइट दिसण्यात कमी पडलेली नाही. ती दीड वर्षापूर्वीची माहिती सांगते आणि पेशंटला हवी असते आजची. त्या आजोबांसाठी ‘गुरुवार-शुक्रवार डॉक्टर नाहीत, शनिवारी सकाळी आहेत’ एवढी एक ओळ पुरली असती.

सुरुवात संगणकापासून नव्हे, फोनपासून करा. सोमवार ते शनिवार काउंटरवर एक वही उघडी ठेवा आणि रकाने आखा : डॉक्टर आहेत का, माझा नंबर कधी लागेल, फी किती, रिपोर्ट आला का, कुठे यायचे, उपाशी पोटी यायचे का, कार्ड किंवा मेडिक्लेम चालतो का, आणि इतर. फोन आला की त्या रकान्यात एक रेघ. सोबत दोन खुणा : फोन पेशंटने केला की घरच्या कुणी, आणि बोलणे कोणत्या भाषेत झाले. शनिवारी रात्री बेरीज करा. सर्वांत जास्त रेघा ज्या रकान्यात, त्याचे उत्तर वेबसाइटवर सगळ्यात वर, त्याखाली दुसऱ्याचे. ‘आमचे ध्येय’ आणि ‘आमचा प्रवास’ यांबद्दल विचारायला सहा दिवसांत एकही फोन येणार नाही, तेव्हा ती पाने तळाशी सरकवा. तुमच्याकडे पहिला रकाना बहुधा ‘दोतोर आयला?’ हाच निघेल.

त्याचे उत्तर म्हणजे पानाच्या माथ्यावर एक पट्टी. मोबाइल उघडताच, बोट न लावता दिसली पाहिजे. मजकूर साधारण असा :

‘आज, बुधवार : सकाळी 9.30 ते दुपारी 1 डॉक्टर आहेत. संध्याकाळी 4.30 ते 6.30 (आज एक तास लवकर बंद). स्त्रीरोग विभाग संध्याकाळी 4.30 ते 7. उद्या, गुरुवार : डॉक्टर नाहीत. ही माहिती आज सकाळी 8.10 वाजता भरली.’

शेवटचे वाक्य कापू नका. भरल्याची वेळ दिसली की वाचणाऱ्याला पट्टीवर विश्वास ठेवता येतो. पट्टी रात्री 12 वाजता आपोआप पुसली गेली पाहिजे आणि तिच्या जागी ‘आजची माहिती अजून भरलेली नाही, निघण्यापूर्वी फोन करा’ असे यायला हवे. शिळी माहिती कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण कोरी जागा कुणाला धारबांदोड्याहून बसमध्ये बसवत नाही. उद्याचा दिवसही त्याच पट्टीत हवा. लांबून येणारा माणूस आदल्या रात्रीच ठरवतो आणि पहिल्या बसने निघतो.

हे करायला मोठे काम नाही. कंपनीला सांगा : एका गूगल शीटमधल्या (ऑनलाइन तक्त्यातल्या) दोन-तीन चौकटी मुखपृष्ठावर दाखवायच्या, ती शीट काउंटरवरच्या मोबाइलवरून भरता आली पाहिजे आणि चौकटीतली तारीख आजची नसेल तर ‘माहिती भरलेली नाही’ ही ओळ यावी. शीट ‘प्रकाशित’ करून जोडली तर बदल काही मिनिटे उशिरा दिसतो, दवाखान्याला तेवढे चालते. खरा प्रश्न भरायचे कुणी हा आहे. नाव ठरवा, वेळ ठरवा : रात्री दवाखाना बंद करताना उद्याचे भरायचे, सकाळी दार उघडताना आजचे तपासायचे. तुम्ही गणेश चवथीला माहेरी गेलात तर कोण, तेही आत्ताच ठरवा. पासवर्ड एकट्या तुमच्याच डोक्यात असेल तर त्या आठवड्यात पट्टी कोरी राहील. चवथ, 3 डिसेंबरचे सेंट झेवियरचे फेस्त, 19 डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, गावची जत्रा हे दिवस आठ दिवस आधीपासून पट्टीत दिसू द्या.

आता अपॉइंटमेंट. तुमच्याकडे दोन याद्या आहेत. एक वहीतली, दुसरी त्या न उघडलेल्या ईमेलमधली. फॉर्म भरणाऱ्याला वाटते आपला नंबर लागला, आणि काउंटरवर त्याचे नावच नसते. वेबसाइट, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, समोर येऊन उभा राहिलेला माणूस, सगळी नावे एकाच यादीत उतरली पाहिजेत. तसे सॉफ्टवेअर मिळेपर्यंत फॉर्म बंद ठेवा आणि त्या जागी दोन मोठी बटणे द्या : ‘फोन करा’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅपवर नाव नोंदवा’. दुसरे बटण दाबले की ‘नाव, वय, गाव, कोणता दिवस, सकाळ की संध्याकाळ, पहिल्यांदा की जुने पेशंट’ असा मजकूर आधीच लिहिलेला यावा. माणूस रिकाम्या जागा भरतो, तुम्ही यादी बघून उत्तर देता. दुपारी 1 ते 4.30 सारा गोवा दुपारच्या झोपेत असतो आणि फोन मात्र वाजत राहतो. त्या वेळेसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा निरोप लावा : ‘दवाखाना 4.30 ला उघडेल, तेव्हा उत्तर मिळेल. तातडी असेल तर 108.’

10.15 ची वेळ छापून देऊ नका. फिजिशियनच्या ओपीडीत ती पाळली जात नाही, आणि 10.15 ला बोलावून 11.20 ला आत घेतलेला माणूस टोकनवाल्यापेक्षा जास्त चिडतो. अर्ध्या तासाचे गट करा. त्यासाठी आधी मोजा : एक आठवडा प्रत्येक पेशंट आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहा. समजा जुन्याला 5 मिनिटे लागतात आणि नव्याला 12. सकाळचे साडेतीन तास म्हणजे 210 मिनिटे. त्यातली 40 अचानक येणाऱ्यांसाठी बाजूला काढली की उरतात 170. पाच नवे धरले तर 60 मिनिटे, बाकी 110 मिनिटांत 22 जुने. म्हणजे एकूण 27 नावे. सात अर्ध्या तासांत प्रत्येकी चार, शेवटच्यात तीन. प्रत्येक गटात नवा पेशंट एकच घ्या, दोन नवे एकत्र आले की पुढची सगळी रांग सरकते. तुमचे आकडे वेगळे निघतील, रीत हीच. सासऱ्यांना हा हिशेब दाखवा, कारण चाळीस नावे घ्यायची की सत्तावीस हे त्यांनीच ठरवायचे आहे. चाळीस घ्यायची असतील तर वेबसाइटवर तसेच लिहा : ‘थांबावे लागू शकते.’ उशीर झाला की पट्टीत ‘सध्या सुमारे 40 मिनिटे उशीर’ टाका. बाजारात एक काम उरकून येणारा माणूस त्या एका ओळीवर खूश होतो.

फॉर्म पुन्हा सुरू कराल तेव्हा तो स्वतः मोबाइलवर भरून बघा. साधारण असे अडथळे सापडतात. ईमेल सक्तीचे असते, आणि पेशंटकडे ईमेल नसते. जन्मतारखेसाठी महिना-महिना मागे जाणारे कॅलेंडर असते, 75 वर्षांच्या माणसाला ते 900 वेळा दाबावे लागते. तिथे साधे ‘वय’ विचारा. मोबाइल नंबरच्या चौकटीत नेमके 10 आकडे चालतात : मुलगा दुबईहून आईचे नाव नोंदवत असेल तर त्याचा नंबर बसत नाही, आणि कीबोर्ड मराठीवर असला की देवनागरी अंक ‘चूक’ ठरतात. नावात देवनागरी चालत नाही. एक चूक झाली की सगळा फॉर्म कोरा होतो. वेडीवाकडी इंग्रजी अक्षरे ओळखायला लावणारी चौकट तर आजोबांसाठी कुलूपच. ओटीपी मागू नका. नोंदवणारा नातू पणजीत, ओटीपी आजीच्या साध्या फोनवर, आणि आजी गोठ्यात. चार गोष्टी पुरतात : पेशंटचे नाव, वय, संपर्काचा नंबर, नवे की जुने. पाचवी चौकट ऐच्छिक ठेवा : ‘नोंदवणाऱ्याचा नंबर वेगळा असल्यास’. आजार सविस्तर विचारू नका, आधार नंबर तर नाहीच.

फॉर्मच्या वर, खाली नव्हे, ही ओळ ठळक हवी : ‘छातीत दुखणे, धाप लागणे, अर्धे अंग लुळे पडणे, बेशुद्धी, गरोदरपणात रक्तस्राव : फॉर्म भरू नका, 108 ला फोन करा.’ रात्री अडीच वाजता कुणी फॉर्ममध्ये ‘छातीत दुखते’ लिहून सकाळची वाट बघत बसू नये. चॅटबॉट नको म्हणण्याचे मोठे कारणही हेच. तो उत्तर देतो, मग माणूस वाट बघत राहतो.

फॉर्म पाठवल्यावर ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ हे नको. त्याऐवजी : ‘शुक्रवार, सकाळी 10 ते 10.30 या वेळेत यावे. यादीत तुमचे नाव तिसरे. येताना जुनी फाइल, मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे आणा. येणे जमत नसेल तर इथे दाबा.’ गोळ्यांची पाकिटेच मागा, नावे नव्हे. ‘ती गुलाबी, अर्धी’ यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

आठवणीचा निरोप आदल्या संध्याकाळी 7 च्या सुमारास गेला तर न येणारे आधी कळवतात आणि रिकामी जागा दुसऱ्याला देता येते. सत्तावीस निरोप हाताने पाठवायला फार वेळ लागत नाही. एसएमएस हवे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर, दवाखान्याची नोंदणी करून पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. मजकूर साच्याबाहेर गेला की निरोप वाटेतच अडतो आणि दोष मात्र दवाखान्याला लागतो. निरोपात आजार, तपासणी किंवा ‘स्त्रीरोग’ हा शब्द नको. घरात फोन एकच असतो आणि तो कुणाच्याही हातात असतो. जाऊबाईंकडे येणाऱ्या मुलीने अजून सासूला सांगितलेले नसेल. ‘उद्या शुक्रवार, संध्याकाळी 5 ते 5.30, दवाखाना, फोंडा’ इतके पुरे.

भाषेसाठी त्या वहीतल्या खुणा बघा. फोंड्यात मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी सगळेच बोलणे होते. चारही भाषांत अर्धवट पाने करण्यापेक्षा मराठी आणि इंग्रजी पूर्ण ठेवा, आणि पट्टी, पत्ता व तातडीची सूचना कोंकणी-हिंदीतही द्या. भाषा बदलायचे बटण वरच, आणि त्यावर ‘मराठी’, ‘कोंकणी’ असे लिहिलेले, झेंडे नकोत. कंपनीने आपोआप भाषांतराचे बटण बसवले असेल तर काढायला सांगा, कारण तयारीच्या सूचनांत ते घात करते. इंग्रजीतल्या ‘फास्टिंग’चे मराठीत ‘उपवास’ होते. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, केळे, दूध आणि वर चहा. बाई मनोभावे उपवास करून येते आणि साखरेची तपासणी वाया जाते. माणसाने लिहायचे ते असे :

‘उपाशी पोटी रक्त द्यायचे आहे. रात्री 9 पर्यंत जेवा. त्यानंतर काही खायचे नाही. चहा, दूध, सरबत, उपवासाचे पदार्थ, काहीही नाही. साधे पाणी प्यायला हरकत नाही. सकाळी 7.30 ते 8.30 मध्ये या. जेवणानंतरची साखर बघायची असेल तर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी परत यायचे आहे.’

सकाळच्या बीपीच्या गोळीचे काय, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, ही वाक्ये सासऱ्यांकडून लिहून घ्या. ती तुम्ही किंवा कंपनीने बनवायची नाहीत. कोणत्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही तेही लिहा. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए1सी, जेवून करता येते. एरवी माणसे प्रत्येक तपासणीला उपाशी येतात आणि बाकावर चक्कर येऊन बसतात. सोनोग्राफीला बाहेर पाठवत असाल तर पोटाची उपाशी पोटी आणि ओटीपोटाची बहुधा लघवी भरून, हा फरक दोन वेगळ्या चौकटींत द्या. ही पाने एकदा नीट झाली की त्यांचे दुवे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत जा, फोनवर तेच तेच सांगणे वाचते.

पत्ता. इंग्रजीतली इमारत, दुकान क्रमांक आणि पिनकोड हा टपालवाल्यासाठी असतो. पेशंटला बस कुठे सोडायची ते हवे. दवाखाना तिस्काजवळ असेल तर नुसते ‘तिस्क’ लिहू नका : धारबांदोड्याहून येणाऱ्या बसला आधी उसगावचे तिस्क लागते आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. ‘फोंड्याचे तिस्क, उसगावचे नव्हे’ असे स्पष्ट हवे. बसस्थानकापासून चालत किती मिनिटे, वाटेत कोणती ठळक खूण, रिक्षावाल्याला किंवा पायलटाला (मोटरसायकल टॅक्सीवाल्याला) काय सांगायचे, दुचाकी कुठे लावायची. आणि एक गोष्ट वेबसाइटवर कुणी लिहीत नाही, ती तुम्ही लिहा : ‘पहिला मजला, 18 पायऱ्या, लिफ्ट नाही. चढता येत नसेल तर खालून फोन करा.’ पायऱ्या मोजा, कठडा कोणत्या बाजूला ते लिहा. गुडघे धरलेल्या माणसाला घरून निघताना हेच हवे असते. मुखपृष्ठावर हसऱ्या परदेशी डॉक्टरांचे विकतचे फोटो असतील तर काढा आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या दाराचा एक फोटो टाका, फलकासकट.

फोटोंवरून आठवले. सरकत्या पट्टीत पाच फोटो, प्रत्येकी 4 एमबी असतील, तर ते 20 एमबी होतात. जिथे रेंज जेमतेम 1 एमबीपीएस मिळते तिथे ते उतरायला 160 सेकंद लागतात. तोपर्यंत माणूस फोन लावून मोकळा झालेला असतो. एकच फोटो, 150 केबीच्या आत, वेबपी स्वरूपात. सगळे पान 1 एमबीच्या आत बसवा, म्हणजे त्याच रेंजवर 8 सेकंद. देवनागरीचे सजवलेले फॉन्ट जड असतात, अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी मुळातच असतो, तोच वापरायला सांगा. अक्षर 17-18 पिक्सेल आणि ओळींमध्ये दीडपटीहून थोडे जास्त अंतर, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. पांढऱ्यावर फिकट करडे अक्षर नको, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान 4.5 ला 1 हवा. मराठी मजकुरावर बोट दाबून एक शब्द कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा : निवडताच आला नाही तर तो मजकूर नसून चित्र आहे, भलतीच अक्षरे आली तर जुना बिगर-युनिकोड फॉन्ट आहे. दोन्हींत गूगलला तुमची मराठी सापडत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या फोनला ती वाचता येत नाही. शेवटची परीक्षा सासऱ्यांच्या फोनवर घ्या. अक्षर सर्वांत मोठे करून, भर दुपारच्या उन्हात.

वेबसाइटच्या आधी लोक गूगलवरची दवाखान्याची नोंद बघतात. आजोबांच्या नातवाने वेळ तिथेही बघितली असेल. तिची मालकी तुमच्याकडे घ्या, सकाळ-संध्याकाळच्या वेळा वेगवेगळ्या भरा म्हणजे दुपारी ‘उघडे’ दिसणार नाही, सुट्टीच्या दिवशी ‘विशेष वेळ’ टाका आणि नकाशावरची खूण दारावरच आहे ना ते बघा.

रिपोर्टांबद्दल. वेबसाइटवर रिपोर्ट ठेवायची सोय सध्या करू नका. नाव आणि जन्मतारीख टाकली की रिपोर्ट उघडणारी पाने म्हणजे शेजाऱ्यालाही उघडणारी पाने. ‘ज्याच्याकडे दुवा त्याला दिसेल’ अशा ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकणे त्याहून वाईट. आज झेपेल असे करा : काउंटरवर एक छोटा कागद, ‘माझे रिपोर्ट या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवावेत’, नंबर पेशंटच्या अक्षरात, खाली सही. फक्त त्याच नंबरवर पाठवायचे. ‘मी त्यांचा भाचा बोलतो, मला पाठवा’ असा फोन आला तरी नाही. फाइलच्या नावात तपासणीचे नाव नको, निरोपाच्या सूचनेत ते वरच्या वर दिसते. काळजीचा रिपोर्ट आधी डॉक्टरांनी फोनवर सांगायचा, मग फाइल. 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संमती स्पष्ट असावी आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे असे आहे, म्हणून कागदावर ‘नको असल्यास काउंटरवर सांगा’ ही ओळ घाला. पेशंटने कागदपत्रे मागितली तर 72 तासांत द्यायची, हे इंडियन मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारनियमांत आहेच, ‘किती दिवसांत मिळेल’ हे वेबसाइटवर लिहायला घाबरू नका. जुने फॉर्म वेबसाइटच्या आत साठून राहतात, काम झालेले दर महिन्याला पुसायला सांगा. अपॉइंटमेंटच्या पानावर जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे कोड असतील तर तेही काढा.

अभिप्राय टाकू नका. त्याच 2002 च्या नियमांत डॉक्टरने स्वतःची जाहिरात करणे, पेशंट ओढणे निषिद्ध आहे, आणि ‘गोव्यात एक नंबर’, आधी-नंतरचे फोटो, ‘मधुमेह मुळापासून’ हे सगळे त्यात सापडते. मधुमेहावर औषधाची जाहिरात तर 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यातच अडकते. गंमत अशी की वर्तमानपत्रात निवेदन देण्यासाठी जी कारणे हे नियम मान्य करतात, त्यांत पत्ता बदलणे, तात्पुरते नसणे, परत रुजू होणे आणि फी जाहीर करणे येते. पेशंट रोज फोन करून नेमके हेच विचारतात. फी लिहा : पहिल्यांदा किती, पुन्हा दाखवायला किती, किती दिवसांच्या आत पुन्हा दाखवले तर फी नाही. यूपीआय चालते का, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड इथे चालते का. चालत नसेल तर ‘चालत नाही’ असे सरळ लिहा. दोन्ही डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वेबसाइटवर हवा, 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी तो फोन-व्हिडिओवर सल्ला देणाऱ्यांना बंधनकारकच केला आहे. गूगलवर कुणी वाईट लिहिले तर उत्तरात ‘तुम्ही मंगळवारी बीपीसाठी आला होता’ असे लिहू नका. तो तुमचा पेशंट आहे हेच तुम्ही जगाला सांगून बसता. ‘कृपया काउंटरवर किंवा फोनवर बोला, आम्ही ऐकून घेऊ’ इथे थांबा.

कंपनीशी बोलताना पहिला प्रश्न नव्या डिझाइनचा नको. विचारा : डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाची तारीख कोणती, आणि त्याची आठवण कुणाच्या ईमेलवर येते? बऱ्याचदा ते कंपनीच्याच नावावर निघते आणि भांडण झाले की दवाखान्याचा पत्ताच हातचा जातो. आधी ते दवाखान्याच्या नावावर करून घ्या, प्रशासकाचा पासवर्ड मागा, मग पट्टी, बटणे आणि फोटो ही तीन कामे द्या आणि त्यांचाच वेगळा दर मागा.

हे झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा सहा दिवस वही उघडा, तेच रकाने. ‘डॉक्टर आहेत का’ या रकान्यातल्या रेघा निम्म्यावर आल्या नसतील तर कंपनीला फोन करण्याआधी शीट उघडून बघा : रात्रीची पट्टी किती वेळा भरली गेली, आणि किती वेळा सकाळी 9.40 ला, म्हणजे पहिली बस फोंड्यात पोचून गेल्यावर.